कॅल्क्युलेटर हातात देऊन गणिताची चाचणी : मुलांना नक्की काय येतं, हे कसं ओळखावं?



शीर्षक वाचून काही जणांच्या कपाळावर आठी आली असेल. ‘कॅल्क्युलेटर दिल्यावर चाचणी कसली? उत्तर तर मशीनच देणार!’ खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटायचं. माझ्या वर्गात कॅल्क्युलेटर फक्त माझ्या टेबलाच्या खणात असायचा. शालेय पोषण आहाराचा हिशेब करण्यापुरता. आणि गंमत म्हणजे या हिशेबानेच माझं मत बदललं.

एके दिवशी पटावरची ४७ मुलं हजर होती. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला आणि ४७ × १०० दाबू लागले. शेजारी वही तपासायला आलेला चौथीतला एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, त्याला बटणं कशाला दाबता? चार किलो सातशे.”

मी चमकले. कारण आदल्याच आठवड्यातल्या घटक चाचणीत या मुलाला गुणाकारात दहापैकी दोन गुण होते. चाचणीत एक उदाहरण होतं २३ × १००. त्याने ते उभं मांडलं होतं, खाली शून्यांच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, तिसरी ओळ सरकवायला विसरला होता आणि शेवटी उत्तर काढलं होतं २३. मी त्यावर लाल फुली मारून वहीत शेरा लिहिला होता, ‘गुणाकार येत नाही. सराव आवश्यक.’

मुलाचे वडील आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकतात. रविवारी हा त्यांच्याबरोबर तराजूजवळ बसतो. ग्रॅमचे किलो त्याच्या डोक्यात आपोआप होतात. मग ‘गुणाकार येत नाही’ हा माझा शेरा खरा होता का? त्याला गुणाकार येत नव्हता, की गुणाकाराची उभी मांडणी येत नव्हती? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या चाचणीला त्यातला फरक कळत नव्हता.

हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

एका उदाहरणात किती कौशल्यं असतात?

हे उदाहरण पाहा : ‘एका पिशवीत ६ लाडू बसतात. ४३२ लाडवांसाठी किती पिशव्या लागतील?’

हे सोडवताना मुलाला पाच कामं करावी लागतात.

१) ४३२ ही संख्या वाचता आणि समजता येणं.
२) इथे भागाकार करायचा आहे हे ओळखणं.
३) उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज असणं. (६ × ७० = ४२०, म्हणजे सत्तरच्या थोडं पुढे.)
४) प्रत्यक्ष भागाकार करणं. यात ६ चा पाढा, मांडणी, वजाबाकी, पुढचा अंक खाली घेणं हे सगळं आलं.
५) आलेलं ७२ म्हणजे काय हे सांगता येणं. ७२ लाडू नव्हे, ७२ पिशव्या.

कागदावरच्या चाचणीत ही पाचही कामं एकत्र कालवलेली असतात. उत्तर चुकलं की आपल्याला एवढंच कळतं की चुकलं. कुठे चुकलं ते कळत नाही. मग आपण काय करतो? भागाकाराची आणखी वीस उदाहरणं देतो. ज्या मुलाला मुळात भागाकार करायचा आहे हेच ओळखता आलं नाही, त्याला त्या वीस उदाहरणांचा काय उपयोग?

कॅल्क्युलेटर या पाचपैकी फक्त चौथं काम करतो. उरलेली चार कामं मुलालाच करावी लागतात. म्हणून चौथं काम मशीनकडे दिलं की बाकीची चार आपल्याला स्पष्ट दिसू लागतात. या चाचणीमागचं तत्त्व एवढंच आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ही चाचणी कागदावरच्या चाचणीऐवजी घ्यायची नाही, तिच्या जोडीला घ्यायची आहे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ‘असर’च्या पाहणीतही मुलाला हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार करून दाखवावा लागतो. हाताने आकडेमोड यायलाच हवी. पण ती का येत नाही हे शोधायला कॅल्क्युलेटर मदत करतो.

आधी थोडी तयारी

• पाच-सहा मुलांमागे एक साधा कॅल्क्युलेटर पुरतो. दुकानदार वापरतात तोच. चाचणी एकेका मुलाची घ्यायची असल्याने वर्गात एकच असला तरी चालतं.

• मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शक्यतो नको. त्याचं एक कारण गणिती आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ = दाबलं तर २० येतात, कारण तो जसं दाबू तसं करत जातो. मोबाइलवर बहुधा १४ येतात, कारण तो गुणाकार आधी करतो. एकाच वर्गात दोन उत्तरं आली की लहान मुलं गोंधळतात. (पाचवीच्या मुलांना मात्र हाच गोंधळ मुद्दाम दाखवा, छान चर्चा होते.)

• कॅल्क्युलेटरवर आंतरराष्ट्रीय अंक असतात, तेही सरळ रेघांचे बनलेले. दुसरी-तिसरीतल्या मुलांना ते आधी ओळखू द्या. नाहीतर अंक ओळखता न आल्याची चूक आपण गणिताच्या खात्यावर टाकू.

• मोठ्या कॅल्क्युलेटरवर स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर येतो. आपण एक लाख लिहिताना दोन अंकांनंतर देतो. पाचवीला मोठ्या संख्या घेताना हे आधी सांगा.

• पहिला दिवस चाचणी नको, नुसतं खेळू द्या. पुसायचं बटण कोणतं, चुकलं तर काय करायचं, हे कळू द्या. चाळीस मिनिटं त्यात जातात, पण जाऊ द्यावीत.

• सर्वांत महत्त्वाचं : उत्तर लिहू नका, दाबलेली बटणं लिहा. मुलाच्या शेजारी बसा आणि त्याने काय-काय दाबलं ते जसंच्या तसं वहीत टिपा. पहिल्यांदा मी फक्त उत्तरं लिहिली होती. घरी जाऊन वही उघडली तेव्हा मला काहीच कळेना. सगळी मेहनत वाया गेली.

चाचणी १ : ऐका आणि दाबा

शिक्षकाने संख्या म्हणायची, मुलाने ती कॅल्क्युलेटरवर आणायची. मी या संख्या घेते : त्रेसष्ट, एकोणऐंशी, चारशे पाच, दोन हजार तीस.

त्रेसष्ट म्हटल्यावर काही मुलं ३६ दाबतात. हा निष्काळजीपणा नाही. आपल्या मराठीत ‘त्रे’ आधी येतो आणि ‘साठ’ नंतर. मूल जसं ऐकतं तसंच दाबतं. ‘एकोणऐंशी’ला तर आणखी अवघड. ऐकू येतं ‘एक’ आणि ‘ऐंशी’, म्हणून ८१ दाबलं जातं. एकोण म्हणजे एक कमी, हे कोणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आली तेव्हा बरीच चर्चा झाली होती. तुमचं मत त्या बाजूचं असो वा विरुद्ध, पण मुलांची ही अडचण खरी आहे, आणि ती या चाचणीत लख्ख दिसते.

‘चारशे पाच’ला काही मुलं ४००५ दाबतात आणि ‘दोन हजार तीस’ला २०००३०. म्हणजे चारशे लिहिले, त्यापुढे पाच लिहिले. स्थानिक किंमत अजून रुजलेली नाही. अशा मुलाला पुढचं काही विचारू नका. त्याला दशकाचे दांडे, शतकाची पाटी आणि संख्याकार्डं द्या. ४०० च्या कार्डावर ५ चं कार्ड ठेवून शेवटचं शून्य झाकलं की त्याला दिसतं.

ही चाचणी श्रुतलेखनातूनही होऊ शकते, मग कॅल्क्युलेटर कशाला? कारण लिहिताना मूल शेजाऱ्याच्या पाटीवर बघतं, खोडतं, पुन्हा लिहितं. इथे अंक एकामागून एक येतात, त्यामुळे कोणता अंक आधी दाबला हे आपल्याला दिसतं. ६३ बरोबर आणणारी काही मुलं आधी ३ दाबतात, थांबतात, पुसतात, मग ६ दाबतात. त्यांचं उत्तर बरोबर असलं तरी सराव अजून हवा आहे.

चाचणी २ : अंक पुसा

कॅल्क्युलेटरवर ४५७२ आणा. आता एकदाच वजाबाकी करून ५ च्या जागी ० आणायचं. बाकीचे अंक हलता कामा नयेत.

ज्याला स्थानिक किंमत समजली आहे तो ५०० वजा करतो आणि ४०७२ येतात. ज्याला समजलेली नाही तो ५ वजा करतो, ४५६७ येतात आणि तो चक्रावतो. कोणी ५० वजा करतो, मग ४५२२ येतात. इथे कॅल्क्युलेटर स्वतःच मुलाला सांगतो की काहीतरी चुकलं. मला ‘चूक’ म्हणावं लागत नाही. मूल परत करून बघतं. भित्र्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

‘५ ची स्थानिक किंमत लिहा’ या प्रश्नाला ५०० असं बरोबर लिहिणारी मुलंही इथे ५ वजा करतात. म्हणजे त्यांनी प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं.

चाचणी ३ : मोडलेलं बटण

‘कॅल्क्युलेटरचं ८ चं बटण बिघडलंय असं समजा. ३८ × ६ कसं काढशील?’

माझ्या वर्गात आलेली ही उत्तरं पाहा :

• ४० − २ × ६ (साध्या कॅल्क्युलेटरवर आधी ३८ होतात, मग २२८ येतात)
• ३७ × ६ + ६
• ३९ × ६ − ६
• १९ × २ × ६

प्रत्येक वेळी उत्तर २२८. हे लिहिणाऱ्या मुलांना संख्या फोडता येते, गुणाकार म्हणजे काय हे कळतं. तोंडी गणिताचा पाया हाच आहे. काही मुलं नुसती बसून राहतात. ‘बटण नाही तर कसं करणार?’ त्यांच्यासाठी आधी सोपं घ्या : ५ चं बटण न वापरता १५ आणून दाखव.

चाचणी ४ : आधी अंदाज, मग बटण

२९८ × ४ पाटीवर लिहा. मुलाने आधी अंदाज पाटीवर लिहायचा आणि पाटी उलटी ठेवायची. मग कॅल्क्युलेटर. नंतर दोन्ही ताडून बघायचं.

‘तीनशे चोक बाराशे, त्याच्या जरा अलीकडे’ असं म्हणणाऱ्या मुलाला ११९२ दिसले की तो मान डोलावतो. त्याच्या हातून चुकून ४ नंतर ० दाबलं गेलं आणि ११९२० आले, तर तो लगेच म्हणतो, “असं कसं होईल?” ज्याला अंदाज नाही तो ११९२० सुद्धा शांतपणे लिहून घेतो. मशीन म्हणतंय ना, मग बरोबरच!

मी मुद्दाम एक खोटं उत्तर सांगते : “माझ्या कॅल्क्युलेटरवर ५१ + ४८ चे १९९ आले. लिहा.” किती मुलं लिहितात आणि किती मुलं “मॅडम, चुकलं” म्हणतात, ते मोजा. मोठेपणी बिल, पगारपत्रक, बँकेचा हप्ता असे कितीतरी आकडे मशीन त्यांच्यासमोर ठेवणार आहे. त्या आकड्यावर शंका घेण्याची सवय शाळेतच लागायला हवी.

चाचणी ५ : कोणती क्रिया?

शाब्दिक उदाहरण वाचून दाखवा. मुलाने नुसती बटणं दाबायची.

‘एका वहीची किंमत १८ रुपये. १४४ रुपयांत किती वह्या येतील?’ बरीच मुलं १४४ × १८ दाबतात. २५९२ वह्या! ‘एकाची किंमत’ दिसली की गुणायचं, असं त्यांनी पाठ केलेलं असतं.

‘ताईकडे ४५ रुपये आहेत. ते दादाच्या रुपयांपेक्षा १२ ने जास्त आहेत. दादाकडे किती?’ इथे ‘जास्त’ शब्द ऐकून ४५ + १२ दाबलं जातं. यात दोष बराचसा आपलाच आहे. ‘जास्त म्हटलं की बेरीज, कमी म्हटलं की वजाबाकी’ अशी युक्ती आपणच शिकवतो. परीक्षेपुरती ती चालते, पुढे तीच पायात येते. अशा मुलाला शब्द शोधायला न लावता चित्र काढायला सांगा. ताईची पट्टी लांब, दादाची आखूड. चित्र काढलं की ३३ आपोआप येतात.

चाचणी ६ : उत्तराचा अर्थ

आता माझा सर्वांत आवडता प्रश्न.

‘सहलीला ५० मुलं जाणार. एका जीपमध्ये ८ मुलं बसतात. किती जीप लागतील?’

मुलं ५० ÷ ८ = दाबतात. पडद्यावर येतं ६.२५. आणि वर्गात शांतता पसरते.

माझ्या वर्गातली एक मुलगी घटक चाचणीत नेहमी पैकीच्या पैकी गुण घेणारी. भागाकार इतका सुबक मांडते की फळ्यावर दाखवावा. तिने टिंब पाहिलं आणि म्हणाली, “सहा जीप भरल्या आणि पंचवीस मुलं उरली.” मी विचारलं, “पंचवीस मुलं उरली, तर आणखी जीप नाही का भरणार?” ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मागून तो कांदे-बटाटेवाला मुलगा म्हणाला, “सात जीप. सहा जीपमध्ये अठ्ठेचाळीस बसली, दोन उरली. नाहीतर त्या दोघांना पुढं ड्रायव्हरजवळ बसवा, सहात भागतंय.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. ज्याच्या वहीत मी ‘येत नाही’ लिहिलं होतं त्याला अर्थ कळत होता, आणि जिच्या वहीत मी ‘छान’ लिहिलं होतं तिला फक्त रीत येत होती. दोघांनाही माझी मदत हवी होती. मी एकालाच नापास समजत होते आणि दुसरीकडे तर बघतच नव्हते.

आपल्याच मुलांचं असं होतं असं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत असाच प्रश्न होता : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? जवळजवळ ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ‘३२ बस’ हे योग्य उत्तर देणारी मुलं साधारण २३ टक्केच होती. कित्येकांनी ‘३१ बस, बाकी १२’ असं लिहिलं. उरलेले १२ सैनिक कशात बसणार, हा विचारच झाला नाही.

६.२५ मधून बाकी कशी काढायची, हा पुढचा प्रश्न हुशार मुलांना द्या. ६ × ८ = ४८ आणि ५० − ४८ = २, हे त्यांना स्वतः शोधू द्या.

चाचणी ७ : डोकं की बटण?

वर्गाचे दोन गट करा. एका गटाकडे कॅल्क्युलेटर, दुसऱ्याकडे काहीच नाही. कॅल्क्युलेटरवाल्यांनी प्रत्येक उदाहरण दाबूनच करायचं. उदाहरणं अशी : ३०० + ४००, २५ × ४, १००० − १, ४६ × १०, ७ × ८, ३७ × २८.

पहिल्या पाचांत डोकं जिंकतं, शेवटच्यात बटण. खेळ संपल्यावर विचारा, “बटण कधी लागलं?” मुलं स्वतःच सांगतात. ज्या मुलाला ७ × ८ ला कॅल्क्युलेटरची वाट पाहावी लागली, त्याला पाढे पाठ करण्याचं कारण मी सांगावं लागत नाही.

निष्कर्ष कसा काढायचा?

कागदावरची चाचणी आणि कॅल्क्युलेटरची चाचणी दोन्ही शेजारी ठेवा. चार गट पडतात.

कागदावर चूक, कॅल्क्युलेटरवर बरोबर : समज आहे, मांडणी, पाढे किंवा हातचा यांत अडचण आहे. उपाय : चौकटीची वही, रोज थोडे पाढे, कमी पण नीट उदाहरणं.

कागदावर बरोबर, कॅल्क्युलेटरवर चूक : रीत आहे, समज नाही. उपाय : शाब्दिक उदाहरणं, चित्रं, अंदाज, ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न.

दोन्हीकडे चूक : संख्याज्ञानापासून सुरुवात. काड्या, दांडे, मणी, खोट्या नोटा.

दोन्हीकडे बरोबर : त्याला अवघड प्रश्न द्या, आणि प्रश्न तयार करायलाही सांगा.

यातला दुसरा गट सर्वांत धोक्याचा, कारण तो आपल्याला दिसतच नाही. गुण चांगले असतात, पालक खूश असतात. पुढे सहावी-सातवीत अपूर्णांक, टक्केवारी आली की हीच मुलं अचानक ‘गणितात कच्ची’ होतात आणि कोणालाच कारण कळत नाही.

‘पोरं पाढे विसरतील हो!’

पालकसभेत हा प्रश्न येणारच. मलाही आला. एक आजोबा उठून म्हणाले, “आमच्या वेळी पावकी, निमकी तोंडपाठ होती. तुम्ही आता मशीन द्यायला लागलात.” त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून काय माहीत आहे ते प्रामाणिकपणे सांगते.

१९८६ साली अमेरिकेत हेम्ब्री आणि डेसार्ट या दोन अभ्यासकांनी कॅल्क्युलेटरवरच्या ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरला तर सर्वसाधारण मुलांची हाताने आकडेमोड करण्याची क्षमता घटत नाही, उलट सुधारू शकते, असं त्यात दिसलं. पण एक अपवाद होता, चौथी इयत्ता. तिथे सतत वापर केल्याने सर्वसाधारण मुलांचं आकडेमोडीचं कौशल्य मागे पडल्याचं आढळलं. मी चौथीला शिकवते, त्यामुळे हा अपवाद मी कायम लक्षात ठेवते.

इंग्लंडचं उदाहरणही बोलकं आहे. तिथे १९८६ पासून हिलरी शुअर्ड यांच्या नेतृत्वाखाली काही प्राथमिक शाळांत मुलांना कॅल्क्युलेटर मोकळेपणाने वापरू देण्याचा प्रकल्प झाला. पुढे त्याच देशाने २०१४ पासून ११ वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय गणित परीक्षेतून कॅल्क्युलेटर काढून टाकला. म्हणजे जाणकारांमध्येही एकमत नाही.

माझ्या वर्गातला नियम साधा आहे. कॅल्क्युलेटर डब्यात असतो. महिन्यातून दोनदा, चाचणीसाठी किंवा खेळासाठी, बाहेर येतो. रोजच्या उदाहरणांना नाही, गृहपाठाला नाही. त्या आजोबांना मी दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावलं आणि ‘डोकं की बटण’ खेळायला लावलं. पावणेदोनशेच्या निमपट त्यांनी अशी झटकन सांगितली की कॅल्क्युलेटरवाला गट बघतच राहिला. मग आजोबांचीही तक्रार उरली नाही.

माझ्या चुका, तुम्ही टाळा

पहिल्यांदा मी आठ मुलांत एक कॅल्क्युलेटर दिला. जो चपळ त्याच्याच हातात तो राहिला, बाकीचे नुसते बघत होते. गटात खेळ घ्या, पण चाचणी एकेकाचीच घ्या.

सातही चाचण्या मी एकाच दिवशी घेतल्या. मुलं कंटाळली, मीही. एका वेळी एकच घ्या. एका मुलाला पाच-सहा मिनिटं पुरतात. बाकीचा वर्ग तेव्हा स्वाध्यायात गुंतलेला हवा.

आणि या चाचणीला गुण दिले. गुण दिले की मुलं बटणं लपवायला लागतात. इथे गुण नकोत, फक्त नोंद हवी.

शेवटी त्या दोघांबद्दल

त्या मुलाला मी चौकटीची वही दिली. एका चौकटीत एकच अंक, एवढाच नियम. वर्षअखेरीच्या चाचणीत गुणाकारात त्याला दहापैकी सात मिळाले. भागाकार अजून अडखळतो, कारण ७, ८, ९ चे पाढे कच्चे आहेत. पण आता मला आणि त्याला, दोघांनाही माहीत आहे की नक्की काय करायचं आहे. त्याच्या वहीतला जुना शेरा मी त्याच्यासमोर खोडला आणि लिहिलं, ‘गुणाकार कळतो. मांडणीचा सराव चालू.’ त्याने ते वाचलं, काही बोलला नाही, वही दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या दारात येऊन म्हणाली, “काल त्यानं वही दाखवली, मॅडम. पहिल्यांदाच.”

त्या मुलीला मी रोज एक उदाहरण उलटं देते. उत्तर मी सांगते, गोष्ट तिने तयार करायची. ‘६.२५ उत्तर येईल अशी गोष्ट सांग.’ परवा ती म्हणाली, “मॅडम, ५० रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला सव्वासहा रुपये.” जीपला सव्वासहा चालत नाहीत, पण रुपयांना चालतात. हे तिला स्वतःहून उमगलं होतं.

उद्या शाळेत जाताना खणातला कॅल्क्युलेटर बाहेर काढा. वर्गातली दोनच मुलं निवडा, एक सर्वांत कमी गुणांचं आणि एक सर्वांत जास्त गुणांचं. दोघांना जीपचा प्रश्न विचारा आणि त्यांनी दाबलेली बटणं लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या दहा मिनिटांत त्या दोन मुलांबद्दल जे कळेल, ते कदाचित तुमच्या निकालपत्रकात लिहिलेलं नसेल.